द्राक्षवेल आणि मूल

नाशिकच्या आसपासचे द्राक्षमळे पाहणाऱ्या नवख्या मनुष्यास एका गोष्टीचें नवल वाटतें. बागाईतदार साधारणतः एप्रिलमध्यें व पुन्हा ऑक्टोबरच्या सुमारास आपल्या वेलींची छाटणी करितो. हिरवीगार वेल पाहतां पाहतां बोडकी होते. परंतु थोड्याच दिवसांत काडीवरचे डोळे फुगतात, नवी पालवी फुटते, आणि ऑक्टोबरच्या छाटणीनंतर तिजवर घोंसही लागतात. प्राण्याचा अवयव तोडल्यास तो असा पुन्हा फुटेल काय? पालीला नवी शेपटी येते खरी. पण गाईला पाय किंवा मनुष्याला हात पुन्हा येत नाहीं. विद्यार्थिमित्रांनो, हा भेद कां असावा?

त्याचें कारण दोघांच्या वाढण्याच्या रीतींत आहे. वनस्पतीच्या शेंड्यांत, डोळ्यांत आणि मुळांच्या टोकांशीं नव्या पेशी निर्माण करण्याची शक्ति जन्मभर टिकून राहते. नवे भाग तेथेंच तयार होतात. जुनें खोड लांबत नाहीं, सालीखालच्या एका पातळ थरामुळें तें फक्त जाड होतें. म्हणूनच खोडावर छातीइतक्या उंचीवर कोरलेलें नांव, झाड कितीही वाढलें तरी, त्याच उंचीवर राहतें.

गाय, घोडा, मनुष्य यांचें तसें नाहीं. त्यांचे हातपाय जन्मापूर्वीच घडलेले असतात. पुढें ते केवळ मोठे होतात. मुलाच्या लांब हाडांच्या टोकांजवळ कूर्चेचे पातळ पट्टे असतात व तेथें हाड लांबतें. तारुण्य आलें म्हणजे ह्या पट्ट्यांचें हाड बनतें आणि उंची वाढणें कायमचें थांबतें. त्यानंतरही त्वचा व रक्त यांच्या नव्या पेशी होतात, मोडलेलें हाडही सांधतें. परंतु उंची वाढत नाहीं.

पालकांनीं ह्यांतून एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. एक हंगाम बुडाला तरी पुढच्या छाटणीनंतर वेल बागाईतदारास पुन्हा संधि देते. मुलाच्या वाढीचा हंगाम मात्र एकदांच येतो. पहिलीं दोन-तीन वर्षें आणि वयांत येण्याचा काळ यांत ही वाढ विशेष जलद असते. त्या वेळीं दूध, डाळ, पालेभाजी व पुरेशी झोंप यांत राहिलेली उणीव मागाहून भरून काढणें फार कठीण. मुलींची उंची तर मुलांच्या आधींच थांबते. तेव्हां घरांत कोणाच्याही ताटांत कमी पडूं नये, आणि मुलीच्या ताटांत तर मुळींच पडूं नये.