पहिला मुक्काम राजमाचीचा

दिवाळीची सुट्टी संपली की हवा कोरडी होते, उन्हाचा ताप उतरतो आणि फेब्रुवारीपर्यंत सह्याद्रीत चालायला चांगले दिवस मिळतात. याच दिवसांत घराघरांत मुले मागे लागतात की ट्रेकला जायचे, तेही मुक्कामाला. मुलाला परवानगी मिळते. मुलीला ‘पुढच्या वर्षी बघू’ असे उत्तर मिळते आणि अम्मीला तर कोणी विचारतच नाही. या तिघांनाही एकाच वाटेने नेता येते, हे आम्ही अनुभवाने सांगतो. दोन-तीन कुटुंबांनी मिळून जावे. माणसे सहा ते आठ, त्यांत निदान दोन प्रौढ बायका आणि ती वाट आधी चालून आलेला एक जण. पहिल्या खेपेला याहून मोठा घोळका नको. मागचा माणूस पुढच्याला दिसेनासा झाला की चुकामूक ठरलेलीच.

जागा म्हणाल तर नवख्यांसाठी आम्ही राजमाची सुचवतो. श्रीवर्धन आणि मनरंजन या दोन बालेकिल्ल्यांच्या पायथ्याशी उधेवाडी हे गाव आहे. तिथल्या घरांतून जेवणाची आणि झोपण्याची सोय होते, म्हणून तंबू, भांडी, चूल काहीच वाहावे लागत नाही. लोणावळ्याहून तुंगार्लीमार्गे गावापर्यंत सुमारे पंधरा किलोमीटरचा कच्चा रस्ता आहे. तो लांब आहे, पण छातीवर येणारा नाही. कर्जतकडून कोंढाणे लेण्यांजवळून येणारी वाट अंतराने कमी, पण चढाला खडी. गुडघे दुखणाऱ्या खालाजानला त्या वाटेने नेऊ नये. मे-जूनमध्ये काजवे पाहायला इथे गर्दी लोटते. पहिला मुक्काम त्या गर्दीत करू नये, असे आमचे मत आहे.

आता वेळेचा हिशोब. स्कॉटलंडचे गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी 1892 मध्ये एक साधा नियम सांगितला: पाच किलोमीटरला एक तास, आणि दर सहाशे मीटर चढाला आणखी एक तास. हा सराव असलेल्या माणसाचा वेग झाला. पंधरा किलोमीटरला त्याचे तीन तास होतात. आपण त्यात निम्मी भर घालावी, म्हणजे साडेचार. विसावा आणि डबा यांना दीड तास धरला की सहा तास झाले. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. म्हणून लोणावळ्यातून सकाळी आठला पाऊल उचलावे, तीनच्या आधी पोहोचल्याचा हिशोब लागतो आणि हाताशी तीन-चार तास उरतात. ते उरलेले तास कोणाचा पाय मुरगळला तर कामी येतात.

वेग ठरवायचा तो सर्वांत हळू चालणाऱ्याच्या पावलांनी. त्याला सर्वांच्या पुढे, वाट माहीत असलेल्याच्या मागोमाग ठेवावे. शेवटी एक सशक्त माणूस असावा आणि त्याच्या मागे कोणीही राहू नये. हळू चालणारा मागे राहिला की पुढचे थांबून दम खातात, तो पोहोचतो तोच सगळे उठतात. दमलेल्यालाच विसावा मिळत नाही. शाळेच्या सहलीत हे आम्ही दरवर्षी पाहतो.

पाठीवरची पिशवी हाच खरा परीक्षेचा विषय. अशा एका रात्रीच्या मुक्कामाला मोठ्या माणसाची पिशवी पाण्यासकट सहा किलोंच्या आत बसते. त्यांतले तीन किलो एकट्या पाण्याचेच, कारण माणशी तीन लिटर हवे आणि वाटेत पाणी मिळेलच असे धरून चालू नये. चादर तळाशी, पाणी पाठीला लागून मध्यावर, टॉर्च आणि खाऊ वर. एक लिटर पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हे प्रमाण पाठ असावे. चमचा चहाचा. खजूर, चणे, गूळ जवळ ठेवावेत. बिर्याणीचा डबा दुपारपर्यंत उन्हात टिकत नाही, तो मोह आवरावा. निघण्याआधीच्या दोन-तीन रविवारी हीच भरलेली पिशवी घेऊन पाच, मग आठ-दहा किलोमीटर चालून पाहावे. नवे बूट घालून थेट डोंगरावर जाणाऱ्याच्या टाचेला फोड येतोच. टाच गरम लागताच तिथे चिकटपट्टी लावावी, फोड येईपर्यंत वाट पाहू नये.

मुलीबाळींनी सलवार-कमीज आणि पिन लावलेला स्कार्फ घालावा. पायघोळ कपडा उतरणीवर पायात येतो. अत्तर मात्र त्या दिवशी घरीच ठेवावे. उग्र वासाने मधमाश्या चवताळतात, आणि सह्याद्रीच्या कड्यांवर आग्या माश्यांची पोळी असतात.

गावात माणसांचा आकडा आदल्या दिवशीच फोनवर कळवावा. पिठले-भाकरी, वरण-भात असे शाकाहारी जेवणच सांगावे, म्हणजे आपल्यालाही काही विचारायला नको आणि घरच्यांचीही धावपळ वाचते. बायकांची झोपायची खोली वेगळी हवी, हेही त्याच फोनवर स्पष्ट बोलून घ्यावे. मुलीच्या अब्बांची अर्धी काळजी तिथेच मिटते. रात्री बाहेर जाताना टॉर्च आणि सोबत हवी. सकाळी बूट झटकूनच पायात घालावेत. फजरची नमाज झाली की पिशव्या गावातच ठेवून श्रीवर्धन चढावा. तो दोन्हींतला उंच. तटाच्या कडेला उभे राहून फोटो काढणे आम्ही मुलांना सक्त मना करतो. परतीला ज्यांचे पाय बोलू लागतील त्यांच्यासाठी जीप मिळेल का, हे गावात आदल्या रात्रीच विचारून ठेवावे.

मागे फिरण्याची वेळ मात्र घरूनच ठरवून निघावे. बारा वाजेपर्यंत निम्मी वाट झाली नाही, किंवा कोणाला ताप, उलटी, चक्कर आली, तर सगळ्यांनी मिळून परत फिरायचे. हे निघण्यापूर्वी मुलांसमोर मोठ्याने सांगावे, म्हणजे वाटेत वाद होत नाही आणि ज्याच्यामुळे फिरावे लागले त्याला खाली मान घालावी लागत नाही. घरी राहणाऱ्याच्या हाती एक चिठ्ठी द्यावी. तिच्यावर सर्वांची नावे, वाट, उधेवाडीतल्या घराचा फोन, परतण्याची वेळ, आणि त्या वेळेनंतर किती तासांनी 112 वर फोन करायचा, हे लिहिलेले असावे.