वेतनातून कापलेला पैसा : मालकाचे उत्तरदायित्व

कारखान्यात किंवा कचेरीत काम करणाऱ्या माणसाच्या वेतनातून दरमहा काही रक्कम कापून घेतली जाते. ती त्याच्या हाती पडत नाही. वेतनपत्रकावरील एका आकड्यापुरतीच तिची त्याला ओळख असते. ही रक्कम मालकीची कोणाची, हा प्रश्न वरवर पाहता निरर्थक वाटेल. तथापि भारतातील भविष्य निर्वाह निधी व कर्मचारी राज्य विमा या दोन्ही योजनांची कायदेशीर बांधणी याच प्रश्नाच्या उत्तरावर झालेली आहे.

या योजनांचा आरंभ स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत झाला. कामगारांच्या आजारपणासाठी 1948 मध्ये कर्मचारी राज्य विमा कायदा झाला आणि 24 फेब्रुवारी 1952 रोजी कानपूर व दिल्ली येथे त्याची प्रत्यक्ष अंमलबजावणी सुरू झाली. वार्धक्याच्या तरतुदीसाठी 1951 मध्ये प्रथम वटहुकूम निघाला व पुढील वर्षी त्याचे कायद्यात रूपांतर झाले. प्रारंभी सिमेंट, सिगारेट, अभियांत्रिकी, लोखंड व पोलाद, कागद आणि कापड या सहा उद्योगांनाच तो लागू होता. वर्गणीचा दर सव्वासहा टक्के, म्हणजे त्या काळच्या हिशेबाने रुपयामागे एक आणा होता. पुढे तो वाढत गेला. 1997 पासून बहुतेक आस्थापनांत तो 12 टक्के आहे.

या दराचा अर्थ उदाहरणाने स्पष्ट होईल. मूळ वेतन व महागाई भत्ता मिळून दरमहा 15,000 रुपये मिळवणाऱ्या कामगाराकडून 1,800 रुपये कापले जातात आणि मालकाला स्वतःचे तितकेच घालावे लागतात. मालकाच्या हिश्श्यातील 8.33 टक्के, म्हणजे 1,250 रुपये, 1995 च्या निवृत्तिवेतन योजनेकडे जातात. उरलेले 550 रुपये कामगाराच्या निधीत जमा होतात. विम्याची वर्गणी याहून निराळी असून, जुलै 2019 पासून तिचा दर कामगारासाठी पाऊण टक्का व मालकासाठी सव्वातीन टक्के आहे.

मालकाने आपला हिस्सा कामगाराच्या वेतनातून वसूल करू नये, हा यातील पहिला नियम. दुसरा नियम मुदतीचा आहे. महिना संपल्यावर 15 दिवसांच्या आत दोन्ही हिस्से निधीत भरले गेले पाहिजेत. कंत्राटदारामार्फत कामगार नेमले असले, तरी मूळ मालकाची जबाबदारी सुटत नाही. मुदत चुकली तर व्याज व नुकसानभरपाई द्यावी लागते.

परंतु थकबाकी आणि अपहार या दोन गोष्टी कायद्याने वेगळ्या मानल्या आहेत. मालकाने स्वतःचा हिस्सा भरला नाही, तर ते त्याच्या शिरावरचे देणे होय. कामगाराच्या वेतनातून रक्कम कापून घेतली व ती भरली नाही, तर मात्र तो दुसऱ्याच्या ठेवीला हात लावतो. 1973 मध्ये भारतीय दंडसंहितेत या अर्थाचे स्पष्टीकरण घालण्यात आले. कापलेली रक्कम मालकाकडे विश्वासाने सोपवली आहे असे समजावे व ती न भरणे हा फौजदारी स्वरूपाचा विश्वासघात मानावा, असे त्यात म्हटले होते. 1975 मध्ये विम्याच्या वर्गणीलाही तोच नियम लागू झाला. 1 जुलै 2024 पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेनेही ही तरतूद कायम ठेवली आहे. कंपनीचे दिवाळे निघाले, तरी 2016 च्या दिवाळखोरी संहितेनुसार भविष्य निर्वाह निधीचे येणे धनकोंमध्ये वाटावयाच्या मालमत्तेत धरले जात नाही.

कायदा न मोडता त्याचा हेतू निष्फळ करण्याचीही एक वाट आहे. वर्गणी मूळ वेतनावर आकारली जाते, म्हणून मूळ वेतन लहान ठेवायचे आणि बाकीची रक्कम नाना भत्त्यांच्या नावाने द्यायची. सर्वोच्च न्यायालयाने 28 फेब्रुवारी 2019 रोजी या पद्धतीला आळा घातला. जो भत्ता सर्वांना सरसकट दिला जातो तो मूळ वेतनाचाच भाग होय, असा त्या निर्णयाचा आशय आहे. 21 नोव्हेंबर 2025 रोजी अमलात आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतील वेतनाची व्याख्या याच दिशेने जाते. वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून अधिक झाले, तर वरची रक्कम वेतनातच मिळवली जाते.

नियमांची ही काटेकोर आखणी कशासाठी, असे कोणी विचारील. निधीतील उणीव बहुधा निवृत्तीच्या वेळी उघडकीस येते; तोवर कारखाना बंद पडलेला असतो, कागदपत्रे गहाळ झालेली असतात. विम्याची गोष्ट याहूनही निकडीची आहे. आजारपणाचा भत्ता सरासरी वेतनाच्या 70 टक्के दराने वर्षाकाठी 91 दिवसांपर्यंत मिळतो. पण त्यासाठी सहा महिन्यांच्या वर्गणी-काळात किमान 78 दिवसांची वर्गणी असावी लागते. मालकाच्या हलगर्जीपणाने ती नोंद राहिली नाही, तर अंथरुणाला खिळलेल्या माणसाला आपला हक्क सिद्ध करत बसावे लागते. अशा वेळी महामंडळाने कामगाराला लाभ द्यावा व तो खर्च मालकाकडून वसूल करावा, अशी तरतूद 1948 च्या कायद्यातच होती.

तरीही निरीक्षकाची नजर प्रत्येक आस्थापनेपर्यंत वेळेवर पोहोचेल, असे नाही. 2014 पासून प्रत्येक सभासदाला 12 अंकी कायम क्रमांक मिळू लागला आहे आणि त्याच्या आधारे आपल्या खात्यात दरमहा किती रक्कम जमा झाली हे त्याला स्वतः पाहता येते. वेतनपत्रकावरील कपात आणि खात्यातील जमा हे दोन आकडे दरमहा ताडून पाहणाऱ्या कामगाराला झालेली चूक महिन्याभरात कळते. एरवी ती कळायला कदाचित तीस वर्षे लागतात.