वेणी घालण्याआधीचा दिवस

शनिवारी सकाळी तुमची रूममेट बाथरूममध्ये शिरते आणि थेट दुपारी बाहेर येते. सिंकवर तीन-चार बाटल्या, मोठ्या दातांचा कंगवा, डोक्यावर प्लास्टिकची टोपी. तुम्ही विचारता, "आज काय विशेष?" ती म्हणते, "विशेष काही नाही, उद्या ब्रेड्स घालायला जायचंय."

वेण्या उद्या, आणि तयारीला अख्खा शनिवार? आपल्या घरी वेणी म्हणजे तेल, फणी, तीन पेड आणि दहा मिनिटं. अमेरिकेत आल्यावर पहिल्या वर्षी मलाही हाच प्रश्न पडला होता. वर मी आगाऊपणे सल्लाही दिला होता, "वेणी घालायच्या आधी भरपूर तेल चोप, गुंता होणार नाही." माझी कृष्णवर्णीय रूममेट हसली आणि म्हणाली, "तुझी वेणी रात्री सुटते. माझी दोन महिन्यांनी."

सगळी गोम त्या एका वाक्यात आहे. तुमच्या मैत्रिणीला मदत करायची असेल, किंवा तुमचे स्वतःचे केस असे दाट वळणांचे असतील (आई मराठी आणि बाबा नायजेरियाचे, अशी घरंही आता आपल्यात आहेत), तर आधी हा फरक समजून घ्या.

केस तोच, आकार वेगळा

"नॅचरल हेअर" म्हणजे रिलॅक्सरसारख्या रसायनाने सरळ न केलेले, मुळात जसे उगवतात तसे केस. अमेरिकेत हा शब्द मुख्यतः आफ्रिकी वंशाच्या लोकांच्या दाट कुरळ्या केसांसाठी वापरतात. प्रथिन तेच, केराटिन. पण मुळाचं भोक वक्र असतं आणि केसाचा छेद गोल नसून चपटा, लंबगोल असतो. म्हणून केस स्प्रिंगसारखा वळत वाढतो.

यातून तीन गोष्टी घडतात. एक, डोक्याच्या त्वचेतून निघणारं तेल सरळ केसावरून टोकापर्यंत सहज घसरत जातं, तसं या वळणांवरून जात नाही. त्यामुळे मुळं तेलकट असली तरी टोकं कोरडी राहतात. दोन, प्रत्येक वळण ही तुटण्याची कमकुवत जागा असते. तीन, शेजारशेजारच्या स्प्रिंगा एकमेकींत अडकतात, आणि गळलेला केस खाली न पडता तिथेच गुंतून राहतो.

आता थोडा हिशोब करा. माणसाचे रोज साधारण ५० ते १०० केस गळतात. ब्रेड्स सहा आठवडे ठेवल्या, तर दोन ते चार हजार गळलेले केस त्या वेण्यांतच अडकून बसणार. त्यात आधीचा गुंता, जुन्या क्रीमचा थर आणि कोंडा तसाच राहिला असेल, तर वेणी सोडताना मुळाशी घट्ट गोळे मिळतात, आणि ते सोडवताना चांगले केसही तुटतात. वेणी घातली की आतला केस तुमच्या हाताबाहेर जातो. त्याच्यासाठी जे करायचं ते आदल्या दिवशीच करावं लागतं.

क्रम असा

*आठवडाभर आधी* डोक्याची त्वचा बघा. खाज, फोड, जखम असेल तर अपॉइंटमेंट पुढे ढकला. फाटलेली टोकं कापून घ्या. आणि सलोनला फोन करून विचारा, केस धुऊन आणि सुकवून यायचं का? बऱ्याच ठिकाणी तशीच अपेक्षा असते, आणि तयारी नसेल तर वेगळे पैसे लागतात.

*गुंता आधी, पाणी नंतर.* केसांचे चार ते आठ भाग करा आणि क्लिपा लावा. एका वेळी एकच भाग. त्यावर कंडिशनर किंवा थोडं तेल लावा, आधी बोटांनी, मग मोठ्या दातांच्या कंगव्याने सोडवा. सुरुवात टोकाकडून करून हळूहळू मुळाकडे जा. मुळापासून खाली ओढलंत तर सगळा गुंता एका गाठीत जमा होतो आणि केस तुटतो.

माझ्या तेलाच्या सल्ल्याला थोडी जागा असलीच तर ती इथे, धुण्याच्या आधी. मुंबईच्या मॅरिको कंपनीतल्या संशोधकांनी २००३ साली खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेलाची तुलना प्रसिद्ध केली होती. तिघांपैकी फक्त खोबरेलाने केसातून निघून जाणारं प्रथिन लक्षणीय कमी केलं, कारण त्याचे छोटे, सरळ रेणू केसाच्या आत शिरतात. आजी नहाण्याआधी तेल लावायची, ते काही उगाच नव्हतं. पण धुतल्यानंतर, वेणीच्या तोंडावर तेल थापणं ही वेगळी गोष्ट आहे.

*धुणं.* साचलेला थर काढणारा, म्हणजे क्लॅरिफाइंग शाम्पू घ्या. बोटांच्या पेरांनी त्वचा चोळा, नखांनी नको. केस डोक्यावर गोळा करून घुसळू नका, नाहीतर आत्ताच सोडवलेला गुंता परत आलाच.

*ओलावा.* मग डीप कंडिशनर लावून प्लास्टिकची टोपी घाला आणि २० ते ३० मिनिटं थांबा. ओला केस ताणला की रबरासारखा लांबून तुटत असेल तर प्रथिन असलेला कंडिशनर निवडा. मात्र तोच दर वेळी वापरला तर केस कडक होतो. धुऊन झाल्यावर हलकं लीव्ह-इन पुरे. जड बटर किंवा तेल लावलं तर केस निसटतो, भांग नीट पडत नाही, आणि वेणी घालणारीचे हात घसरतात.

*ताणून सुकवणं.* असे केस सुकताना आक्रसतात, कधी कधी खऱ्या लांबीच्या निम्म्याहूनही कमी दिसतात. सुती कापडावर पाणी शिंपडून इस्त्री केली की घडी बसते ना? तसंच इथे आहे. पाण्याने केसातले हायड्रोजन बंध सुटतात आणि सुकताना, केस ज्या आकारात असेल त्या आकारात पुन्हा जुळतात. म्हणून हीट प्रोटेक्टंट लावून, मध्यम आचेवर, ड्रायरने केस ताणून सुकवतात. उष्णता नको असेल तर ओल्या केसांच्या बटा दोऱ्याने गुंडाळून रात्रभर ठेवता येतात. योरुबा लोकांत या जुन्या पद्धतीला "इरुन किको" म्हणतात. काहीही करा, पण मुळापर्यंत पूर्ण सुकवा. दमट केसांवर घातलेल्या वेण्यांना कुबट वास धरतो.

*जोडायचे केस.* ब्रेड्समध्ये बऱ्याचदा कृत्रिम तंतू मिसळतात. त्यांवरच्या थराने काहींना खाज येते. त्यामुळे अनेकजणी ते आदल्या रात्री पाणी आणि ॲपल सायडर व्हिनेगरमध्ये भिजवून, धुऊन वाळवतात.

आणि खुर्चीत बसल्यावर

इतकी तयारी करून एका चुकीने सगळं वाया जाऊ शकतं, ती म्हणजे दुखत असताना गप्प बसणं. सतत ओढ बसली की कानशिलांवरचे आणि कपाळाजवळचे केस आधी विरळ होतात. याला ट्रॅक्शन अलोपेशिया म्हणतात. सुरुवातीला ओढ थांबवली तर केस परत येतात. वर्षानुवर्षं चालू राहिली तर मूळच मरतं आणि तिथे पुन्हा केस उगवत नाही. हा कुठल्या एका वंशाचा आजार नाही. त्याचं सुरुवातीचं वर्णन १९०७ सालचं, घट्ट केस बांधणाऱ्या ग्रीनलंडमधल्या लोकांचं आहे. शीख पुरुषांमध्येही तो नोंदला गेलाय. आपल्याकडेही "घट्ट बसली म्हणजे छान बसली" हे ऐकतच अनेकींनी शाळेची रिबिनीची वेणी सोसलीये.

म्हणून मुळाशी बारीक पुटकुळ्या दिसल्या, भुवया वर ओढल्यासारख्या वाटल्या, तर लगेच सांगा, "सैल कर." कपाळालगतचे बारीक केस वेणीत ओढू नका. सहा ते आठ आठवड्यांनी सोडा, आणि सोडल्यावर हातात आलेला केसांचा पुंजका बघून घाबरू नका. तो वरचा हिशोब आहे.

शेवटी एक. हे केस जसे आहेत तसे ठेवून कामाला किंवा शाळेत जाता यावं, यासाठी कायदा करावा लागला. केसांच्या पोतावरून किंवा ब्रेड्ससारख्या रचनेवरून भेदभाव करायला बंदी घालणारा "क्राउन ॲक्ट" अमेरिकेत सगळ्यात आधी कॅलिफोर्नियाने केला, तोही २०१९ मध्ये. तेव्हा रूममेटचा शनिवार बाथरूममध्ये गेला तर दार ठोठावून "किती वेळ?" विचारण्याआधी जरा थांबा. मागच्या बाजूचा गुंता एकटीला दिसत नाही. "मागचं मी सोडवू का?" असं विचारा. ती हो म्हणाली तर कंगवा घ्या, आणि टोकाकडून सुरुवात करा.