तान्ह्या बाळाचा अर्ज

आजच्या विषयात रस भरण्याजोगे फारसे काही नाही, हे आम्ही आरंभीच सांगून टाकतो. अर्ज, दाखले, टक्के आणि तारखा यांचाच हा विषय आहे. वसंतातल्या संध्याकाळी काव्यावर किंवा इतिहासावर चार शब्द ऐकावेत म्हणून घरून निघालेल्या मंडळींना तो रुक्ष वाटेल. परंतु ज्या घरी डाउन सिंड्रोम असलेले मूल जन्माला आले आहे, त्या घराला याहून निकडीचा विषय नाही. आणि अशी घरे आपल्या समजुतीहून पुष्कळ अधिक आहेत. सातशे ते हजार जन्मांमागे एक, असे त्याचे साधारण प्रमाण मानले जाते.

या स्थितीचे वर्णन लँग्डन डाउन या इंग्रज डॉक्टराने १८६६ साली केले आणि तिचे कारण १९५९ साली फ्रान्समध्ये उमगले. मनुष्याच्या पेशीत गुणसूत्रांच्या २३ जोड्या असतात. या मुलांपैकी बहुतेकांत एकविसाव्या ठिकाणी दोनाऐवजी तीन गुणसूत्रे आढळतात. गरोदरपणी आईने काय खाल्ले, कोणते ग्रहण पाळले नाही, यांचा येथे काडीमात्र संबंध नाही. हे वाक्य आम्ही मुद्दाम घातले आहे. कारण अर्जाविषयी विचारण्यास येणाऱ्या आयांपैकी कित्येकींना अर्जाआधी हेच सांगावे लागते, आणि ते सांगताना सासूबाई जवळ असल्या तर अधिक बरे.

रक्ताच्या तपासणीवरून निदान पक्के होते. तपासणीच्या कागदावर सत्तेचाळीस हा आकडा आणि त्यापुढे ‘अधिक एकवीस’ अशी खूण असते. हा कागद हाती आला की आईबापांची स्वाभाविक समजूत अशी होते की, आता तो जिल्हा रुग्णालयात दाखवला म्हणजे दिव्यांगत्वाचा दाखला मिळेल आणि दाखला मिळाला म्हणजे सवलती सुरू होतील. पहिली ठेच लागते ती येथे.

आपल्याकडे या बाबतीत आधारभूत कायदा आहे तो दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा, २०१६ सालचा. तो एप्रिल २०१७ पासून अमलात आला. त्याच्या अनुसूचीत दिव्यांगत्वाचे २१ प्रकार दिले आहेत. थॅलेसीमिया, हिमोफिलिया, सिकलसेल हे आजार त्यांत नावाने आहेत. डाउन सिंड्रोम मात्र नावाने नाही. ही मुले ‘बौद्धिक अक्षमता’ या सदराखाली येतात. आता बुद्धी ही मोजावी लागते. वर्षाच्या आतल्या बाळाची ती विश्वासाने मोजता येत नाही, म्हणून २०१८ साली केंद्र सरकारने जी मार्गदर्शक सूत्रे काढली त्यांत वयाचे एक वर्ष पूर्ण झाल्याविना या सदराखालचा दाखला देऊ नये असे ठरवले. एक ते पाच वर्षांपर्यंत ‘सर्वांगीण विकासातील विलंब’ असे निदान लिहून तात्पुरता दाखला द्यावयाचा. बौद्धिक अक्षमता हा शब्द पाच वर्षांनंतर. नियम करणाऱ्यांना आम्ही सर्वस्वी दोष देत नाही. सहा महिन्यांच्या कोणत्याही बाळाला चालता येत नाही, बोलता येत नाही. त्यांतल्या एकाला कमी ठरवावयाचे कशावरून? परंतु गुणसूत्र जन्मापासून आहे आणि दाखला वर्षानंतर आहे, या दोहोंमधले बारा महिने बाळाच्या आयुष्यातले सर्वांत नाजूक महिने असतात, हेही तितकेच खरे.

कसे ते सांगतो. डाउन सिंड्रोम असलेल्या सुमारे निम्म्या मुलांत हृदयाचा जन्मजात दोष असतो. त्यांतला एक मोठा प्रकार असा आहे की हृदयाच्या मधल्या पडद्यात मोठे भोक राहते, आणि त्याची शस्त्रक्रिया पुष्कळदा तिसऱ्या ते सहाव्या महिन्यांच्या दरम्यान करावी लागते. ती वेळ टळली तर फुप्फुसांतील रक्तदाब वाढत जातो आणि पुढे शस्त्रक्रियाच करता येत नाही. आमच्याकडे एकदा एक गृहस्थ आपल्या दहा महिन्यांच्या मुलीला घेऊन आले. कोठल्याशा खिडकीवर त्यांना ‘वर्षाची झाली की या’ असे सांगितले होते. ते दाखल्यापुरते होते. यांनी ते सगळ्यालाच लागू धरले. माणूस मोठा टापटिपीचा. फाइल केलेली, कागद तारीखवार लावलेले, पहिल्या वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी रजाही टाकून ठेवलेली. फक्त हृदयाची सोनोग्राफी, जिला इको म्हणतात, ती केलेली नव्हती. ती केली तेव्हा भोक सापडले. शस्त्रक्रिया झाली आणि मुलगी वाचली, परंतु आणखी थोडा उशीर झाला असता तर आम्ही हात लावला नसता, असे शस्त्रवैद्यांनी त्या गृहस्थांना स्पष्ट सांगितले. त्यांचा चेहरा आम्ही अजून विसरलेलो नाही.

म्हणून सांगावयाचे ते हे, की उपचार आणि दाखला या दोन निरनिराळ्या खिडक्या आहेत. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात दोषांची जी यादी आहे तीत डाउन सिंड्रोम चक्क नावाने आहे, आणि जन्मजात हृदयदोषही आहे. तेथे बाळ किती टक्के दिव्यांग आहे हे कोणी विचारीत नाही. या कार्यक्रमाखाली जिल्ह्याच्या ठिकाणी लहान मुलांसाठी शीघ्र हस्तक्षेप केंद्रे उघडली आहेत. ‘शीघ्र हस्तक्षेप’ हा शब्द मारामारीसारखा वाटतो खरा, पण त्याचा अर्थ लवकर उपचार एवढाच. हृदय, कान, डोळे, थायरॉइड यांच्या तपासण्या आणि स्नायूंना बळ देणारे व्यायाम हे पहिल्या महिन्यांतच सुरू व्हावयास हवेत. अंगणवाडीताईंना किंवा आशाताईंना विचारले तर त्या वाट दाखवतात.

आता दाखल्याकडे वळू. बाळ वर्षाचे झाले की अर्ज करावयाचा. तो संगणकावरून, ‘स्वावलंबन’ या सरकारी संकेतस्थळावर होतो. घरी सोय नसेल तर महा-ई-सेवा केंद्रात भरून घेता येतो. जन्माचा दाखला, बाळाचे व पालकांचे आधार, छायाचित्र, राहत्या पत्त्याचा पुरावा, गुणसूत्रांचा अहवाल आणि आजवरच्या उपचारांचे कागद, एवढे जवळ असावे. पाच वर्षांखालच्या मुलाचे आधार बोटांचे ठसे न घेता निघते, तेव्हा ते आधीच काढून ठेवावे. त्यावाचून अनेकांच्या खेपा फुकट गेलेल्या आम्ही पाहिल्या आहेत. पुढे बोर्डाची तारीख येते, आणि खरी परीक्षा त्या दिवशी असते. ती बाळाची नसून आईची असते.

बोर्डात मानसशास्त्रज्ञ असतात. लहान मुलांसाठी ते जी मोजपट्टी वापरतात तिचे नाव व्हाइनलँड सामाजिक परिपक्वता मापन. मूळची ती अमेरिकेतली. तिला भारतीय रूप दिले ते डॉ. मालिन यांनी आणि तेही आपल्या नागपुरात, ही गोष्ट फारशा कोणास माहीत नसते. तीत बाळाला प्रश्न नसतात, आईला असतात. मान धरते का? आधारावाचून बसते का? ओळखीच्या माणसाकडे झेपावते का? पेल्याने पाणी पिते का? उत्तरांवरून बाळाचे ‘सामाजिक वय’ काढतात, त्याला खऱ्या वयाने भागून शंभराने गुणतात. समजा, मूल २० महिन्यांचे आहे आणि सामाजिक वय ११ महिने निघाले. अंक आला ५५. २०१८ च्या तक्त्यात ५५ ते ६९ या अंकाला ५० टक्के, ३६ ते ५४ ला ७५ टक्के, आणि ७० ते ८४ ला अवघे २५ टक्के दिव्यांगत्व धरले आहे. ही सूत्रे २०२४ साली नव्याने निघाली आहेत, तेव्हा बोर्डापुढे जाण्याआधी चालू तक्ता पाहून जावे. पण मर्म तेच आहे. बहुतेक सवलतींचा उंबरठा ४० टक्क्यांचा असतो. दोनचार प्रश्नांच्या उत्तरांवर मूल त्या उंबरठ्याच्या आत किंवा बाहेर जाते.

आणि या प्रश्नांना आई कशी उत्तर देते? वर्षभर तिने एकेका हालचालीसाठी जिवाचे रान केलेले असते. ‘पेल्याने पिते का?’ असे विचारताच तिच्या तोंडून अभिमानाने ‘हो, पिते की!’ निघून जाते. पेला तिने धरलेला असतो, मान तिने सावरलेली असते, निम्मे पाणी दुपट्यावर सांडलेले असते आणि या सगळ्यास वीस मिनिटे लागलेली असतात. परंतु तिच्या दृष्टीने मूल पेल्याने प्याले, आणि ते खोटेही नाही. चार परक्या माणसांसमोर आपल्या लेकराचे उणे सांगण्यास तिची जीभ रेटत नाही. बाप शेजारी बसलेला असला तर तो आणखी दोन गोष्टी वाढवून सांगतो! दुसऱ्या टोकाला, ‘काही येत नाही म्हणून सांगा, म्हणजे टक्के वाढतील’ असा सल्ला देणारेही पुष्कळ भेटतात. तो सल्ला मानू नये. तो खोटेपणा तर आहेच, शिवाय त्याच कागदावरून पुढे उपचारांची आखणी होते आणि ती चुकते.

या पेचातून वाट काढण्यास आम्हांला उपयोगी पडली ती इंग्लंडातली एक रीत. आमच्या परिचयाचे एक मराठी कुटुंब तिकडे असते. त्यांच्या मुलासाठी त्यांनी केलेला अर्ज आम्ही वाचला. तेथे १९९२ पासून दिव्यांग मुलांसाठी साप्ताहिक भत्ता आहे, आणि शुश्रूषेपोटी मिळणारा त्याचा भाग बाळ तीन महिन्यांचे झाल्यावर मिळू शकतो. तो अर्ज बाळ किती टक्के उणे आहे हे विचारीतच नाही. त्याच वयाच्या इतर बाळाहून या बाळाचे किती अधिक करावे लागते, हे तो विचारतो. दूध पाजण्यास किती वेळ लागतो, रात्री किती वेळा उठावे लागते, व्यायाम कोण करवून घेते, किती मिनिटे. प्रश्न बाळाच्या उणिवेवरून उचलून आईच्या श्रमांवर ठेवला आहे. सगळीच बाळे परावलंबी असतात, मग हिचे काय विशेष, हा आक्षेप तेथेही निघतो. अर्ज नाकारलेही जातात. त्यावर तिथले अनुभवी पालक सांगतात की, रोजनिशी ठेवा.

आपल्याकडच्या अर्जात अशा रोजनिशीला जागा नाही, ही आमच्या मते मोठीच उणीव आहे. तरीही आम्ही प्रत्येक आईला बोर्डाआधी पंधरा दिवस वही ठेवावयास सांगतो. सणासुदीचा किंवा पाहुण्यांचा दिवस नको. साधा दिवस लिहावा. ‘सकाळी ७ ते ७।।।, दूध ६० मिली, दोनदा ठसका.’ ‘बसवले, तक्क्यावाचून दोन मिनिटे.’ बस्स, एवढेच. बोर्डासमोर ही वही मांडीवर असली म्हणजे ‘हो, पिते’ याऐवजी ‘मी पेला धरते, तेव्हा पिते’ हे वाक्य आपोआप निघते. मोजपट्टीला हवे असते ते हेच वाक्य.

दाखल्याने काय मिळते ते थोडक्यात सांगतो. कार्ड मिळते, ४० टक्क्यांखाली पांढऱ्या रंगाचे, ४० ते ८० पर्यंत पिवळे, ८० व त्यावर निळे. राष्ट्रीय न्यासाच्या निरामय विमा योजनेत वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचा खर्च भरून मिळतो, त्यात व्यायामोपचारांचाही समावेश आहे आणि विम्याआधी वैद्यकीय तपासणीची अट नाही. जुन्या पद्धतीने आयकर भरणाऱ्या पालकास ७५,००० रुपयांची, आणि दिव्यांगत्व ८० टक्के वा अधिक असल्यास १,२५,००० रुपयांची वजावट आहे. नवी पद्धत स्वीकारणाऱ्यास ती नाही. गरीब घरांसाठी राज्याची संजय गांधी निराधार अनुदान योजना आहे, तिची चौकशी तहसील कचेरीत करावी.

पहिला दाखला तात्पुरता असतो, हे पुष्कळांच्या ध्यानात राहत नाही. २०१८ च्या सूत्रांप्रमाणे तो पाचव्या, दहाव्या आणि अठराव्या वर्षी नव्याने काढावा लागतो. अठराव्या वर्षीचा मात्र कायमचा. आमच्या ओळखीच्या एका बाईंनी पंधरा दिवसांसाठी धरलेली वही पुढे सोडलीच नाही. पाचव्या वर्षीच्या बोर्डाला त्या गेल्या तेव्हा पिशवीत अशा नऊ वह्या होत्या. मानसशास्त्रज्ञांनी मधलीच एक उघडली आणि त्या दिवशी बाहेर रांग असूनही ते बराच वेळ वाचीत बसले.