गाव हीच प्रयोगशाळा: वर्ध्याचे गांधी मेमोरियल लेप्रसी फाउंडेशन

गांधी मेमोरियल लेप्रसी फाउंडेशन ही गांधी स्मारक निधीने 1951 मध्ये स्थापन केलेली संस्था असून तिचे मुख्यालय वर्ध्याच्या हिंदीनगरात आहे. कुष्ठरोग्यांसाठी काम करणाऱ्या बहुतेक जुन्या संस्थांची ओळख त्यांच्या वसाहतीवरून किंवा रुग्णालयावरून होते. या संस्थेची ओळख एका प्रश्नावरून होते. रुग्णाला गावाबाहेर न काढता, घरीच ठेवून, नियमित गोळ्या दिल्या तर गावातला कुष्ठरोग आटोक्यात येतो का? सेवाग्राम परिसरातल्या गावांत या प्रश्नाचा छडा लावायला सुरुवात झाली. पुढे 1955 मध्ये राष्ट्रीय कुष्ठरोग नियंत्रण कार्यक्रम आखला गेला, तेव्हा त्याला पाया मिळाला तो याच कामाचा.

हा प्रयोग गावातच का करावा लागला, याचे कारण रोगजंतूच्या स्वभावात आहे. नॉर्वेतील बर्गन येथे आर्मौअर हॅन्सेन यांनी 1873 मध्ये कुष्ठरोगाचा जंतू दाखवला. क्षयाचा जंतू कॉख यांना सापडला तो त्यानंतर नऊ वर्षांनी, 1882 मध्ये. पण कॉख यांनी तो लगेच वाढवूनही दाखवला. कुष्ठरोगाचा जंतू मात्र कोणत्याही कृत्रिम माध्यमात आजतागायत वाढलेला नाही. तो कमालीचा मंद आहे. एकाचे दोन व्हायला त्याला साधारण 12 ते 14 दिवस लागतात. संसर्गानंतर लक्षणे दिसायला बहुधा काही वर्षे जातात, क्वचित वीस वर्षेही. उंदराच्या पंजात त्याची मर्यादित वाढ करण्याची पद्धत शेपर्ड यांनी 1960 मध्ये दाखवली आणि आर्माडिलो या खवलेधारी प्राण्यात तो भरपूर वाढतो हे 1971 मध्ये कळले. म्हणजे फाउंडेशनने काम सुरू केले तेव्हा औषध पारखायला ना काचपात्र होते, ना प्राणी. होता तो फक्त माणूस.

माणसावरच्या प्रयोगांचा या रोगातला इतिहास फारसा अभिमानास्पद नाही. बर्गनच्याच डॅनिएलसन यांनी स्वतःला आणि सहकाऱ्यांना रुग्णांच्या शरीरातील द्रव्य टोचून घेतले. रोग कोणालाच झाला नाही. हॅन्सेन यांनी एका रुग्ण स्त्रीच्या डोळ्यात तिची संमती न घेता संसर्गित द्रव्य टोचले. त्यावर 1880 मध्ये खटला झाला आणि त्यांना रुग्णालयातले पद गमवावे लागले. वर्धा जिल्ह्यातल्याच हिंगणघाटचे बाबा आमटे 1949 मध्ये कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये कुष्ठरोगाचे शिक्षण घेत होते. तेथे त्यांनी आपल्या शरीरात जंतू टोचून घेतले. तोही प्रयोग फसला, कारण बहुतेक माणसांची प्रतिकारशक्ती या जंतूला थारा देत नाही. एकेकट्या माणसाकडून जे उत्तर मिळत नव्हते, ते हजारो माणसांच्या नोंदी वर्षानुवर्षे ठेवूनच मिळणार होते.

त्यासाठी वर्ध्याची जमीन आधीच तयार झालेली होती. विनोबांचे सहकारी मनोहरजी दिवाण यांनी 1936 मध्ये वर्ध्याजवळ दत्तपूर येथे कुष्ठधाम सुरू केले. कुष्ठरोग झालेले संस्कृतचे पंडित परचुरे शास्त्री 1939 मध्ये सेवाग्रामला आले, तेव्हा आश्रमातच त्यांच्यासाठी कुटी बांधण्यात आली आणि गांधीजी स्वतः त्यांचे अंग चोळून देत. कुष्ठरोग्यांच्या सेवेला गांधीजींनी विधायक कार्यक्रमात स्थान दिले. अखिल भारतीय कुष्ठसेवकांची पहिली परिषद 1947 मध्ये भरली तीही वर्ध्यालाच. सेवेची परंपरा होती, माणसे होती. कमी होती ती परिणामकारक औषधाची.

तोवरचे मुख्य औषध म्हणजे चालमोगऱ्याच्या तेलाची इंजेक्शने. ती अतिशय दुखत, आणि त्यांचा गुण किती येतो याबद्दल डॉक्टरांतही एकमत नव्हते. अमेरिकेत कारव्हिल येथे 1941 मध्ये फॅगेट यांनी सल्फोन गटातले प्रोमिन रुग्णांना दिले आणि चित्र पालटले. त्याच गटातले डॅप्सोन भारतात चिंगलपेट येथे कॉक्रेन यांनी वापरायला घेतले. प्रोमिन शिरेतून द्यावे लागे. डॅप्सोनची गोळी मात्र तोंडाने घेता येई आणि ती अत्यंत स्वस्त होती. गरीब देशाच्या दृष्टीने खरी क्रांती झाली ती या स्वस्तपणाने.

फाउंडेशनचे पहिले संचालक डॉ. आर. व्ही. वारदेकर यांनी या गोळीवर एक गृहीतक उभे केले. रुग्णांच्या मानाने देशातल्या खाटा नगण्य होत्या आणि सगळ्यांना वसाहतीत ठेवणे अशक्य होते. शिवाय बहुसंख्य रुग्ण संसर्गजन्य नसतातच. जे थोडे असतात त्यांच्या शरीरातले जंतू औषधाने घटले, तर त्यांच्यापासून इतरांना होणारा प्रसार थांबेल आणि वेगळे ठेवण्याची गरजच उरणार नाही. तेव्हा देशात 1898 चा कुष्ठरोगी कायदा लागू होता आणि त्याचा सगळा भर रुग्णाला अलग करण्यावर होता. ही पार्श्वभूमी लक्षात घेतली तर या विचाराचे धाडस कळते.

पद्धतीला नाव पडले सर्वेक्षण, शिक्षण आणि उपचार. क्रम महत्त्वाचा होता. दवाखाना उघडून रुग्णाची वाट पाहायची नाही; आधी गावातल्या प्रत्येक घरातल्या प्रत्येक माणसाला तपासायचे. त्याआधी सभा, चित्रे आणि घरोघरच्या बोलण्यातून रोग बरा होतो हे सांगायचे, कारण भीतीने लपलेला रुग्ण सर्वेक्षणाला सापडत नाही. मग उपचार, ठरलेल्या दिवशी, रुग्णाच्या वस्तीजवळ. हे काम डॉक्टरांनी नव्हे, तर खास प्रशिक्षण दिलेल्या कुष्ठतंत्रज्ञांनी करायचे होते. पुढे राष्ट्रीय कार्यक्रमात अशा एका कार्यकर्त्याकडे साधारण 25 हजार लोकवस्ती सोपवली जाई.

तपासणी अगदी साध्या साधनांनी होते, पण घाईत होत नाही. माणसाला भरपूर उजेडात उभे करून पाठ, दंड, मांड्या, कुल्ले पाहिले जातात. फिकट किंवा लालसर चट्टा दिसला की त्याला डोळे मिटायला सांगून कापसाच्या पिळलेल्या टोकाने आधी निरोगी त्वचेला आणि मग चट्ट्याला स्पर्श करतात. जिथे स्पर्श कळला तिथे त्याने बोट ठेवायचे असते. बोट जागचे हलले नाही, तर चट्टा बधिर आहे. त्यानंतर कोपराच्या आतल्या बाजूची नस चाचपतात, कारण ती जाड आणि दुखरी झाली असेल तर पुढे करंगळी-अनामिका वाकडी होण्याचा धोका असतो. संसर्गजन्य रुग्ण ओळखायला कानाच्या पाळीवर बारीक छेद घेऊन तिथला द्रव काचपट्टीवर पसरतात आणि रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. घरटी कार्ड, रुग्णाची नोंद, गोळी नेल्याची तारीख, पुढच्या फेरीतला बदल: संशोधनाची सामग्री म्हणावी तर ती एवढीच. कुष्ठरोगाच्या भारतातल्या अभ्यासात या कार्डांचे मोल कोणत्याही महागड्या यंत्राहून कमी नाही.

या प्रयोगाने काय सिद्ध केले आणि काय नाही, हे वेगळे काढून पाहायला हवे. रुग्ण घरी राहून उपचार घेतात, साधे कार्यकर्ते रोग ओळखू शकतात आणि गाव अशा रुग्णाला सामावून घेऊ शकते, हे निःसंशय सिद्ध झाले. रोगाचा प्रसार नेमका गोळ्यांमुळेच किती घटला, हे सांगणे अवघड होते. त्यासाठी औषध न दिलेल्या गावांशी तुलना करावी लागते, आणि औषध हाती असताना रुग्णांना त्यावाचून ठेवणे नीतीला धरून नाही. नॉर्वेत तर परिणामकारक औषध यायच्या आधीच राहणीमान सुधारल्यावर रोग ओसरला होता. उघड्या जगात प्रयोग करणाऱ्या सर्वच शास्त्रांपुढे हा पेच असतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेने 2018 आणि 2019 च्या पावसाळ्यात सोलापूर परिसरात कृत्रिम पावसाचा प्रयोग केला, तेव्हा काही ढगांवर फवारणी केली आणि तुलनेसाठी काही तसेच सोडले. ढगाला तसेच सोडता येते. रुग्णाला येत नाही.

वारदेकर यांनी 1960 च्या दशकात आणखी पुढचा प्रश्नही घेतला. अजून रोग न झालेल्या लोकांना आधीच डॅप्सोन दिले तर रोग टळतो का? तसेच प्रयोग चिंगलपेट आणि इतरत्रही झाले आणि काही प्रमाणात संरक्षण मिळते असे दिसले. पण निरोगी माणसाने वर्षानुवर्षे गोळ्या घेणे व्यवहारात बसण्यासारखे नव्हते. या विचाराला फळ आले ते फार उशिरा, दुसऱ्या औषधाच्या रूपाने: रुग्णाच्या सहवासातल्या लोकांना रिफाम्पिसिनचा एकच डोस देण्याची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने 2018 मध्ये केली आणि भारतानेही ती स्वीकारली.

डॅप्सोनची मर्यादा मात्र 1960 च्या दशकातच उघड झाली होती. संसर्गजन्य रुग्णाला ते जवळजवळ जन्मभर घ्यावे लागे. इतकी वर्षे कोणीही नेमाने गोळ्या घेत नाही आणि अर्धवट उपचारातून औषधाला न जुमानणारे जंतू तयार होतात. मलेशियात असे जंतू 1964 मध्ये उंदराच्या पंजातल्या वाढीवरून सिद्धही झाले. तेव्हा 1981 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासगटाने तीन औषधे एकत्र देण्याचे सुचवले: महिन्यातून एकदा 600 मिलिग्रॅम रिफाम्पिसिन आणि 300 मिलिग्रॅम क्लोफाझिमिन, शिवाय रोज डॅप्सोन 100 मिलिग्रॅम आणि क्लोफाझिमिन 50 मिलिग्रॅम. महिन्याचा डोस कार्यकर्त्याच्या डोळ्यांदेखत गिळायचा. कमी जंतू असलेल्यांना क्लोफाझिमिनविना सहा महिने पुरत.

भारतात ही बहुविध औषधोपचार पद्धती जिल्हाभर राबवायला सुरुवात झाली ती वर्धा आणि पश्चिम बंगालमधील पुरुलिया या दोन जिल्ह्यांत, 1981-82 च्या सुमारास. निवड समजण्यासारखी होती. जिथे तीस वर्षे घरोघर तपासणीची सवय होती, तिथेच नव्या उपचाराची परीक्षा लवकर होणार होती. लोकांच्या शंका मात्र नव्या होत्या. रिफाम्पिसिनने लघवी लालसर होते, क्लोफाझिमिनने कातडी काळवंडते. ही दोन्ही चिन्हे रोग वाढल्याची नाहीत हे आधी समजावल्याशिवाय दुसरा डोस पोटात जात नसे. शिक्षण उपचाराच्या आधी का, याचे उत्तर इथे पुन्हा मिळाले. नियंत्रण कार्यक्रमाचे 1983 मध्ये निर्मूलन कार्यक्रमात रूपांतर झाले आणि ही पद्धती टप्प्याटप्प्याने देशभर नेण्यात आली.

तेव्हा देशात दर दहा हजार लोकांमागे सुमारे 57 रुग्ण होते. डिसेंबर 2005 मध्ये हे प्रमाण एकाच्या खाली आल्याचे जाहीर झाले. या आकड्यातली घट काहीशी उपचाराच्या मुदतीचीही आहे. पूर्वी वर्षानुवर्षे यादीत राहणारा रुग्ण आता सहा किंवा बारा महिन्यांत यादीतून उतरतो. शिवाय त्यानंतर घरोघरची स्वतंत्र तपासणी सैल झाली, कुष्ठरोगाचे खास कार्यकर्ते सर्वसाधारण आरोग्यसेवेत विलीन झाले आणि रुग्ण पुन्हा स्वतःहून येण्यावर व्यवस्था विसंबली. वर्ध्याच्या प्रयोगाने जे चुकीचे ठरवले होते, तेच काही प्रमाणात परत आले असे म्हणायला जागा आहे. 2016 पासून शासनाने रुग्णशोध मोहिमा पुन्हा सुरू केल्या.

जगात आजही दर वर्षी सापडणाऱ्या नव्या कुष्ठरुग्णांपैकी निम्म्याहून अधिक भारतात असतात. अंगावर न खाजणारा, न दुखणारा, पण स्पर्श न कळणारा चट्टा दिसला तर जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवावा. तपासणी आणि संपूर्ण उपचार तेथे मोफत मिळतात.