हाड जिवंत असतं : नर्सिंगची ॲनाटॉमी आणि भोवतीचे गैरसमज

बारावीचा निकाल लागला की सातारा-सांगलीत नर्सिंगच्या प्रवेशाची चौकशी सुरू होते. माण-खटावपासून जत-आटपाडीपर्यंत कितीतरी घरांत त्या चौकशीमागे एक धास्ती असते. ॲनाटॉमी झेपेल का? मुलगी मढं बघून घाबरणार तर नाही ना? एवढी नावं पाठ कशी व्हायची? आणि सुया टोचायला नि सलाइन लावायला हे सगळं लागतं तरी कशाला?

यातला शेवटचा प्रश्न सगळ्यात घातक आहे, म्हणून त्याला जास्त जागा देणार आहे. बाकीचे आधी निकालात काढू.

मृतदेहाचं विच्छेदन हा एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाचा भाग आहे. नर्सिंगच्या विद्यार्थ्यांना ते करावं लागत नाही. इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या २०२१ च्या बी.एस्सी. अभ्यासक्रमात ‘अप्लाइड ॲनाटॉमी’ पहिल्याच सेमिस्टरला येते. ती शिकवली जाते मॉडेल, टॉर्सो, व्हिडिओ आणि सूक्ष्मदर्शकाखालच्या स्लाइड यांच्या आधाराने, आणि अर्थात हाडं हातात घेऊन. जवळ वैद्यकीय महाविद्यालय असेल तर तिथलं ॲनाटॉमीचं म्युझियम पाहायला मिळतं. आपल्या भागात त्याची वानवा नाही : मिरजेचं शासकीय महाविद्यालय १९६२ चं, कराडचं कृष्णा १९८४ चं, साताऱ्याचं शासकीय अलीकडचं. बरण्यांतले अवयव पाहताना पहिल्या दिवशी फॉर्मॅलिनच्या वासाने डोळे चुरचुरतात. तेवढं सोसलं की कुतूहल भीतीवर मात करतं.

‘सायन्स नव्हतं, आता जमणार नाही’ हेही खरं नाही. बी.एस्सी. नर्सिंगला भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र लागतं, पण जीएनएम आणि एएनएम या नर्सिंगच्याच दुसऱ्या अभ्यासक्रमांना कला किंवा वाणिज्य शाखेतून बारावी झालेली मुलंही जातात. त्यांना पहिले काही महिने जड जातात, हे मान्य. इंग्रजीचा बाऊ मात्र विनाकारण आहे. टिबिया, स्कॅप्युला, ड्युओडेनम हे शब्द लॅटिनमधून आलेले आहेत. इंग्रजी माध्यमाच्या मुलीलाही ते कॉलेजातच पहिल्यांदा भेटतात. शिवाय ऊतींचे चार मूळ प्रकार, म्हणजे अभिस्तर, संयोजी, स्नायू आणि चेता, मराठी शाळेत शिकलेल्या मुलीने नववीच्या पुस्तकात आधीच पाहिलेले असतात. तिथं ते दोन गुणांसाठी होते. इथं ते रुग्णाच्या अंगावर भेटतात.

आता तो शेवटचा प्रश्न. ‘शरीररचना डॉक्टरांनी शिकावी, सिस्टरने हात चालवावा.’ हे बोलणारे लोक उपकेंद्रावरच्या लसीकरणाच्या दिवशी एएनएम ताईंच्या शेजारी अर्धा तास बसले, तर पुन्हा असं बोलणार नाहीत. नऊ महिन्यांचं बाळ आणलेलं असतं. त्याला गोवर-रुबेलाची लस उजव्या दंडावर द्यायची, ती त्वचेखालच्या चरबीच्या थरात. पोलिओची इंजेक्शनची लस डाव्या दंडावर, ती त्वचेच्या आतच, फक्त ०.१ मिलि. न्यूमोकोकलची लस उजव्या मांडीच्या मध्यभागी, बाहेरच्या अंगाला, थेट स्नायूत. एकाच बाळाला, एकाच बैठकीत, तीन वेगवेगळ्या थरांत. वरून तिन्ही ठिकाणी दिसते फक्त कातडी. खाली काय, किती जाड आणि कुठून सुरू होतं, हे ताईंना न बघता ठाऊक असावं लागतं.

थर बदलला की सुईचा कोन बदलतो. त्वचेच्या आत द्यायचं तर सुई जवळजवळ आडवी, दहा-पंधरा अंशांत, चरबीत पंचेचाळीस, स्नायूत काटकोनात. त्वचेच्या आतलं इंजेक्शन बरोबर बसलं की जागच्या जागी पांढुरका फुगा येतो आणि त्यावर संत्र्याच्या सालीसारखी बारीक छिद्रं दिसतात. फुगा आला नाही म्हणजे सुई खाली गेली. बाळ जन्मल्यावर द्यायची बीसीजी अशी खोल गेली तर तिथं गळू होण्याची किंवा काखेत गाठ येण्याची शक्यता वाढते. औषध तेच, मात्रा तीच, फक्त ऊती चुकली.

‘इंजेक्शन कमरेलाच चांगलं’ हा आपल्याकडचा पक्का समज. दंडावर घ्या म्हटलं तर म्हातारी माणसं नाराज होतात. कुल्ल्यातून शरीरातली सर्वांत जाड चेता जाते, सायटिक नर्व्ह. सुई तिच्यात किंवा तिच्या अगदी जवळ गेली तर पाऊल वर उचलता येत नाही, चालताना बोटं जमिनीला घासतात, आणि हे कधीकधी कायमचं असतं. म्हणून ‘वरचा बाहेरचा चतुर्थांश’ हे पहिल्या वर्षापासून घोकून घेतात. त्याहून सुरक्षित जागा आहे खुब्याच्या बाजूची. रुग्णाच्या मांडीच्या हाडाचा वरचा उंचवटा तळहाताखाली घ्यायचा, तर्जनी पुढच्या बाजूला कमरेच्या हाडाच्या टोकावर ठेवायची, मधलं बोट त्या हाडाच्या कडेने मागे पसरायचं. दोन बोटांमध्ये जो त्रिकोण होतो, तिथं मोठी रक्तवाहिनी नाही, मोठी चेता नाही, आणि स्नायू भरपूर आहे. या जागेचा वापर आपल्या वॉर्डांत अजून व्हावा तेवढा होत नाही, असं माझं मत आहे. कारण सरळ आहे : ती जागा डोळ्यांनी सापडत नाही, हाडं चाचपून शोधावी लागते. तान्ह्या बाळाचा कुल्ल्याचा स्नायू पुरता वाढलेलाच नसतो, म्हणून त्याला मांडी.

मधुमेहाच्या रुग्णालाही हेच समजावून सांगावं लागतं. इन्सुलिन चरबीत द्यायचं. ते स्नायूत गेलं तर लवकर शोषलं जातं आणि साखर अचानक उतरू शकते. रोज एकाच जागी टोचलं तर तिथली चरबी गाठीसारखी घट्ट होते आणि औषध नीट भिनत नाही.

सांगली-मिरजेला नर्सिंगच्या शिक्षणाचा मोठा वारसा आहे. कॅनडात जन्मलेले डॉ. विल्यम वानलेस १८८९ मध्ये भारतात आले. मिरजेत १८९४ मध्ये त्यांचं रुग्णालय उभं राहिलं आणि पुढे तिथं डॉक्टरांबरोबर परिचारिकाही घडू लागल्या. मिरजेची वैद्यकनगरी म्हणून जी ख्याती आहे, तिचं मूळ तिथं आहे. पुण्या-मुंबईबाहेर, एका संस्थानी गावात शस्त्रक्रियागृह चालवायचं तर शरीर ओळखणारी परिचारिका हाताशी हवीच होती.

आता हाडांकडे. हाडांचा सापळा वर्गात टांगलेला असतो. पांढरा, कोरडा, खडखडणारा. त्यामुळे हाड म्हणजे मेलेली वस्तू, शरीराचा खांब, एवढंच डोक्यात बसतं. जिवंत हाड ओलसर असतं, त्यात रक्तवाहिन्या आणि चेता असतात, आणि ते आयुष्यभर एका बाजूने झिजवलं जातं नि दुसऱ्या बाजूने बांधलं जातं. त्याच्या आतल्या तांबड्या मज्जेत रक्तपेशी तयार होतात. हाड ही संयोजी ऊती आहे, आणि रक्तसुद्धा त्याच कुळातलं, हे ऐकून पहिल्या वर्षाच्या मुलांना हमखास आश्चर्य वाटतं. एक घट्ट, एक पातळ. फरक पेशींच्या मधल्या भरावाचा : हाडात तो कॅल्शियमने कडक झालेला, रक्तात तो द्रव. ‘२०६ हाडं’ हा आकडा प्रौढांचा आहे. नवजात बाळात हाडांचे २७० हून जास्त सुटे भाग असतात आणि वाढीच्या काळात ते जुळत जातात.

इथंच टाळूचा विषय येतो. ‘टाळू भरली नाही तर बाळ अशक्त राहतं, म्हणून रोज तेल थापा.’ आजीची माया खरी आहे, समज चुकीचा. कवटीच्या हाडांमध्ये ठेवलेली ती मोकळी जागा आहे, मजबूत पडद्याने झाकलेली. प्रसूतीत डोकं बाहेर येताना हाडं एकमेकांवर थोडी सरकावीत आणि पुढे मेंदूला वाढायला वाव मिळावा, म्हणून ती असते. मागची टाळू पहिल्या दोन-तीन महिन्यांत बुजते, पुढची साधारण दीड वर्षाच्या आत-बाहेर. ती बुजते ती कडेची हाडं वाढल्याने. तेल तिथवर पोचतच नाही. टाळू उडताना दिसते, तेही नेहमीचंच. परिचारिकेने पाहायचं ते वेगळं : जुलाब झालेल्या बाळाची टाळू खोल गेली असेल तर अंगातलं पाणी कमी झालंय, आणि शांत बसलेल्या बाळाची टाळू फुगलेली, ताठ लागत असेल तर तातडीने डॉक्टर. आजीशी वाद न घालता तिचाच हात धरून हे तिला दाखवता येतं. डोक्याला तेल लावायला हरकत नाही. थापून दाबू नका, एवढंच सांगायचं.

‘मणक्यात गॅप आहे’ हे वाक्य तर ऊसतोडीला जाणाऱ्यापासून बँकेतल्या साहेबापर्यंत सगळ्यांच्या तोंडी. ऐकणाऱ्याला वाटतं, मणके एकमेकांपासून लांब गेलेत. घडलेलं असतं उलट. दोन मणक्यांच्या मधे कूर्चेची चकती असते. वयाने आणि ओझ्याने तिच्यातलं पाणी कमी होतं, ती चपटी होते आणि मणके जवळ येतात. कधी चकतीचा आतला मऊ भाग मागे सरकून चेतेवर दाबतो, मग पायात कळ जाते. मोठेपणी या चकतीला स्वतःचा रक्तपुरवठा जवळजवळ नसतो, त्यामुळे ती भरून यायला फार वेळ घेते. गुडघ्यातल्या कूर्चेचंही तेच. ‘वंगण संपलं’ म्हणतात तेव्हा खरं तर हाडांच्या टोकांवरची ही कूर्चा झिजलेली असते.

छातीवर हात ठेवा म्हटलं की सगळे डावीकडे ठेवतात. हृदय छातीच्या मधोमध असतं. त्याचा सुमारे दोन-तृतीयांश भाग मध्यरेषेच्या डावीकडे येतो, इतकंच. हा समज एरवी निरुपद्रवी असता, पण कुणी कोसळला आणि सीपीआर द्यायची वेळ आली तर डावीकडे दाबल्याने बरगड्या मोडतील आणि रक्त पुढे ढकललं जाणार नाही. हात छातीच्या मधल्या हाडाच्या खालच्या अर्ध्या भागावर हवेत. प्रौढाची छाती ५ ते ६ सेंटिमीटर दबली पाहिजे, मिनिटाला १०० ते १२० वेळा.

शिरांतलं रक्त निळं असतं, हाही तक्त्यांनी रुजवलेला समज. ते गडद लाल असतं. सिरिंजमध्ये आलं की कळतंच.

स्लाइडचा तास मुलांना सगळ्यात रुक्ष वाटतो. जर्नलमध्ये गुलाबी आणि जांभळ्या पेन्सिलने गोल काढायचे, नावं लिहायची, सही घ्यायची. ते रंग शरीराचे नसतात. हिमॅटॉक्सिलिनने पेशीचं केंद्रक निळसर-जांभळं होतं, इओसिनने बाकीचा भाग गुलाबी. एरवी इतका पातळ काप जवळपास पारदर्शक दिसतो. दुसरी अडचण आकाराची. ऊस आडवा कापला तर गोल चकती दिसते, उभा फाडला तर लांब धागे. नळीसारख्या अवयवाचंही तसंच. स्लाइडवरचा गोल म्हणजे गोळा नव्हे, आडवी कापलेली नळी. हे एकदा समजलं की पाठांतर निम्म्याने कमी होतं. आतड्याचं अस्तर एका थराचं, कारण तिथं शोषण करायचंय. त्वचेचं अनेक थरांचं, कारण तिथं घासलं जायचंय. श्वासनलिकेच्या अस्तराला हलणारे केस, कारण धूळ वर ढकलायचीय. आकाराचं कारण विचारायची सवय शिक्षकांनी लावली नाही, तर मुलं रंग पाठ करून पास होतात. त्याचं मला खरोखर वाईट वाटतं.

कारण हीच स्लाइड पुढे वॉर्डात बेडसोअर होऊन समोर येते. लकवा झालेला, खुब्याचं हाड मोडलेला रुग्ण एका अंगावर पडून असतो. माकडहाडाच्या वर, टाचेवर, खुब्यावर, डोक्याच्या मागे हाड आणि कातडी यांच्यात मांस अगदी थोडं. तिथं शरीराच्या वजनाने केशवाहिन्या दबतात आणि ऊतींना रक्त मिळत नाही. पहिली खूण म्हणजे बोटाने दाबूनही न जाणारा लालसरपणा. दुसऱ्या टप्प्यात त्वचेचा वरचा थर जातो, तिसऱ्यात चरबी उघडी पडते, चौथ्यात स्नायू किंवा हाड. ‘घामाने सोललं’ असं नातेवाईक म्हणतात. घाम भर घालतो, मूळ कारण दाब. आणि लाल झालेली जागा चोळली की रक्त फिरतं, या समजाने पूर्वी स्पिरिट-पावडर लावून ती रगडायचे. आता तसं करू नये असंच शिकवतात, कारण आतल्या दुखावलेल्या ऊती चोळण्याने आणखी फाटतात. साधारण दर दोन तासांनी कूस बदलणं, चादरीला सुरकुती न ठेवणं, रुग्णाला ओढून न सरकवता उचलून हलवणं, ही कामं ज्यांना हलकी वाटतात, त्यांनी चौथ्या टप्प्याची जखम एकदा जवळून बघावी.

राहिला ॲनाटॉमीच्या शिक्षणाशीच जोडलेला देहदानाचा मुद्दा. फॉर्म भरला म्हणजे काम झालं, असा समज आहे. मुंबई ॲनाटॉमी ॲक्ट १९४९ चा. त्याच्या आधारे दान दिलेले आणि बेवारस देह वैद्यकीय महाविद्यालयांना शिक्षणासाठी मिळतात. पण मृत्यूनंतर प्रत्यक्ष कृती नातेवाइकांना करावी लागते, त्यांनीच विरोध केला तर इच्छापत्र कपाटात राहतं. म्हणून घरात आधी बोलून ठेवावं, आणि वेळ आली की उशीर न करता जवळच्या महाविद्यालयाच्या ॲनाटॉमी विभागाला कळवावं. पोस्टमॉर्टेम झालेला किंवा काही संसर्गजन्य आजारांनी गेलेला देह सहसा स्वीकारला जात नाही. नेत्रदान मात्र आधी करून मग देह देता येतो. डोळे साधारण सहा तासांच्या आत काढावे लागतात, तोवर पापण्या मिटून त्यांवर ओला कापूस ठेवायचा आणि खोलीतला पंखा बंद करायचा.