कलावंत स्त्रियांची आत्मकथने आणि संसार

नाटक-सिनेमातील स्त्रीचे आत्मचरित्र हाती घेताना आपण बहुधा आधीच निकाल लावून बसतो. बाईने संसार लाथाडला, म्हणून तिचे हाल झाले! बी. ए. ला असताना मीही हंसा वाडकर यांचे 'सांगत्ये ऐका' याच समजुतीने वाचायला घेतले. पुस्तक संपले तेव्हा ती समजूत उलटी झाली होती.

हंसाबाईंचे मूळ नाव रतन साळगावकर. १९५९ साली गाजलेल्या त्यांच्या तमाशापटाचेच नाव या आत्मकथनाला दिले आहे. ते १९७० साली पुस्तकरूपाने निघाले. घरची गरज म्हणून लहान वयातच त्या सिनेमात उतरल्या. त्यांना स्वतःला हवा होता तो संसारच. लग्न झाले की काम सोडावे, घरात राहावे, मुलेबाळे व्हावीत, एवढीच इच्छा. पण घर चालत होते ते त्यांच्याच मिळकतीवर, मग त्यांना घरात बसू देणार कोण? त्यांच्या कामाचे व्यवहार नवरा पाहत होता आणि संशयही तोच घेत होता. 'संत सखू' (१९४१) मध्ये सासुरवास सोसणारी सून त्यांनी साकारली होती, हे येथे आठवल्याशिवाय राहत नाही. पुढे त्या घर सोडून गेल्या आणि मराठवाड्यातील एका खेड्यात दुसऱ्याच्या घरात अडकल्या. तेथे तर उंबऱ्याबाहेर पडण्याचीही मोकळीक नव्हती. याच आत्मकथनावरून श्याम बेनेगल यांनी 'भूमिका' (१९७७) काढला. त्यातील कामासाठी राष्ट्रीय पारितोषिक मिळविणाऱ्या स्मिता पाटील यांचे घराणे आपल्या खानदेशातील, शिरपूरचे.

तेव्हा हंसाबाईंनी नाकारले ते घर नव्हे. आपल्या कमाईवर आणि देहावर दुसऱ्याची मालकी त्यांनी नाकारली. बँकेच्या काउंटरवर मी हा प्रश्न रोज पाहतो. पैसे काढण्याच्या स्लिपवर सही किंवा अंगठा बाईचा, आणि नोटा मोजायला पुढे येतो तो हात मात्र दुसऱ्याचा.

आपल्या समाजातील लेखिका उर्मिला पवार यांचे 'आयदान' (२००३) याच दृष्टीने वाचावे. आयदान म्हणजे बांबूची विणलेली वस्तू. त्या विकून आईने मुलांना वाढविले. उर्मिलाताईंनी घर सोडले नाही. सरकारी नोकरी आणि मुले सांभाळून त्या एम. ए. झाल्या, कथा लिहिल्या, स्त्रियांच्या चळवळीत काम केले. यावरून घरात जे खटके उडाले तेही त्यांनी लिहून ठेवले. नवरा चळवळीतला असला म्हणून चूल वाटून घेतो असे नाही, हे आपल्या पुरुषांना लागणारे वाक्य मी जाणूनबुजून लिहितो आहे.

२० जुलै १९४२ रोजी नागपूरच्या महिला परिषदेत परमपूज्य बाबासाहेबांनी विवाहित स्त्रियांना सांगितले होते की, नवऱ्याची दासी होऊ नका, मैत्रीण आणि बरोबरीची म्हणून उभ्या राहा. त्याच्याही शेकडो वर्षे आधी 'थेरीगाथे'त मुत्ता थेरीने उखळ-मुसळापासून आणि कुबड्या नवऱ्यापासून सुटल्याचा आनंद मोकळेपणाने सांगितला आहे. संसारातून सुटल्याचे स्वतः सांगणारी बाई आपल्या परंपरेला नवी नाही.

विद्यार्थिनींनी 'सांगत्ये ऐका' पासून सुरुवात करावी. पुस्तक लहान आहे, एका रात्रीत वाचून होते. 'आयदान' ला वेळ लागेल. ते घरात मोठ्याने वाचले तर अधिक बरे, म्हणजे ओट्यावर बसलेल्यांच्याही कानावर जाईल.